तीन मिलिमीटरची फट: चिखलाच्या टायरचा एक पावसाळा

आधीच सांगतो, सायकलचे हे टायर मी स्वतःचे पैसे घालून घेतले आहेत. एक 2,600 रुपयांना, जोडी 5,200 ला. भाच्याने बेंगळुरूहून येताना आणली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असेच दात असलेले टायर तीन-चार कंपन्या काढतात आणि माझं म्हणणं कंपनीबद्दल नाहीच, रुंदीबद्दल आहे. टायरच्या कडेला 54-584 असं छापलेलं असतं. त्यातले 54 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, आणि 584 म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दुकानात मागायचं तर इंचांत, 27.5 बाय 2.10. जून ते सप्टेंबर हे टायर गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरीच्या चिखलात फिरवले. त्याच्या आदल्या पावसाळ्यात सायकलला 2.35 चे होते. तो पावसाळा सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावर घेऊनच जास्त गेला.

माझं डिचोली बाजारात स्टेशनरीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वय 51, वजन 74. दुकानाच्या आधी खनिज वाहणारे टिपर होते, दोन. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. एक टिपर बँकेने ओढून नेला, दुसरा मी मिळेल त्या भावात विकला. हे इथे सांगायचं कारण एवढंच की टायरबद्दल मला कोणी शिकवावं हे मला पटत नसे. टिपरला मागे जोडीजोडीने चार टायर, वर दहा टन खनिज, आणि पावसाळ्यात खाणीच्या चढावर तो कसा चढवायचा हे मी वीस वर्षं केलेलं. रबर जास्त तेवढी पकड जास्त, हा आमचा हिशोब. म्हणून सायकल घेतली तेव्हा तिच्यात बसेल तेवढा जाड टायर घातला. दिसायलाही तो रुबाबदार. बाजारातली पोरं बोट लावून बघायची.

त्या हिशोबात चूक कुठे होती हे कळायला एक पावसाळा जावा लागला. टिपरवर दहा टन असतात. वरचा राडा बाजूला सारून चाक आपोआप खालच्या कठीण जमिनीपर्यंत पोचतं. माझ्या सायकलवर आहे मी, 74 किलो. जाड टायर त्या राड्यावर होडीसारखा तरंगतो, आणि होडीसारखाच आडवा जातो. अरुंद टायर सुरीसारखा आत शिरतो आणि तळाला लागतो. आपल्याकडे तळ बहुतेक ठिकाणी चिऱ्याचा, जांभ्या दगडाचा, म्हणजे एकदा लागला की घट्ट. लेक फर्मागुडीला इंजिनीअरिंगला आहे. तिने मोबाइलवर दाखवलं, युरोपात हिवाळ्यात शेताच्या चिखलातून सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यती होतात, तिथे नियमाने 33 मिलिमीटरपेक्षा रुंद टायर चालत नाही. तेहतीस! मी साठ घेऊन फिरत होतो.

लेकीचं तरी कशाला, आमचा पोदेर, पाववाला, बघा ना. पहाटे भोंपू वाजवत येतो, मागे पावांचा हारा, वर निळं प्लॅस्टिक. साधी काळी सायकल, गिअर नाही, 28 बाय दीडचा टायर. शेताच्या मेरेवरून तो मला मागे टाकून जात असे. एकदा मी मुळगावच्या वाटेवर सायकल उलटी करून काटकीने चिखल काढत बसलो होतो. तो थांबला, बघितलं आणि म्हणाला, "सायकल तुका व्हरता, काय तूं सायकलीक व्हरता?" म्हणजे सायकल तुला नेते, की तू सायकलीला? मी उत्तर दिलं नाही. दोन उंडे पाव घेतले.

आता फटीबद्दल, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. माझी सायकल पुढे 100 मिलिमीटर सस्पेन्शन आणि मागे काही नाही अशी, साधी हार्डटेल. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या नळ्या असतात. त्या नळी आणि 2.35 चा टायर यांच्यामध्ये प्रत्येक बाजूला जेमतेम 5 मिलिमीटर जागा होती. 2.10 घातल्यावर ती 8 झाली. तीन मिलिमीटर, म्हणजे माझ्या दुकानातल्या दोनशे पानी वहीच्या जाडीचासुद्धा अर्धा नव्हे. पण चिखल टायरवर बसतो, फिरत वर येतो, आणि त्या फटीत अडकतो. एकदा अडकला की पुढच्या फेरीत आणखी बसतो, त्यात गवत मिसळतं, आणि मातीची वीट तयार होते. मग पायडल मारलं तरी मागचं चाक फिरत नाही, घसटत येतं. आठ मिलिमीटरमधून तोच चिखल निघून जातो. मी शेजारच्या भुसारी दुकानातल्या काट्यावर सायकल तोलली होती. स्वच्छ असताना साडेचौदा किलो. 2.35 वर खाणीच्या वाटेवरून आल्यावर 19 किलो. यंदा 2.10 वर त्याच वाटेने, तसाच पाऊस, 16 ला थोडी कमी. काट्यावर चिखल सांडला म्हणून भुसारी दोन दिवस बोलला नाही.

इथे कोणी म्हणेल, फरक रुंदीचा कशावरून, दातांचा असेल. बरोबर आहे. माझ्या जुन्या टायरचे दात बुटके आणि दाटीने बसवलेले होते, उन्हाळ्याचा टायर तो. नव्याचे दात उंच आणि विरळ आहेत, दोन दातांमध्ये माझं करंगळीचं टोक सहज बसतं. चाक वेगाने फिरलं की त्या मोकळ्या जागेतला चिखल उडून जातो, टायर स्वतःच स्वतःला साफ करतो. म्हणून मी ऑगस्टमध्ये भाच्याच्या मित्राकडून चिखलाच्याच दातांचा पण 2.4 चा एक टायर दोन रविवारांसाठी मागून आणला. मागे तो माझ्या फ्रेममध्ये बसलाच नाही, घासत होता. पुढे बसला. जंगलाच्या वाटेवर पुढे तो छान चालला हे कबूल करतो, मुळांवरून जाताना हातांना आराम. खाणीच्या राड्यात मात्र पुन्हा तेच, वर तरंगायचं आणि हॅण्डल एकीकडे, सायकल दुसरीकडे. तेव्हा ज्यांच्या सायकलला फट मोठी आहे त्यांनी पुढे जाड घालायला हरकत नाही. मागे नको.

चिखल चिखल म्हणतो आपण, पण तो एक नाही. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीकडे त्याहून जास्त, आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत चिखल तीनदा बदलतो. टायर विकणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही.

पहिला आपला तांबड्या मातीचा. चिरेखाणीच्या बाजूने, काजूच्या बागांतून, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उतरणीवर. ह्यात खडे जास्त, चिकटपणा कमी. वरून दोन बोटं लोणी, खाली चिरा. इथे हे टायर शंभर नंबरी. मुळगावहून अस्नोड्याकडे उतरणारी एक वाट आहे, गेल्या वर्षी तिथे मी उतरून चालत जायचो. यंदा बसून उतरलो, आणि खाली पोचल्यावर वर बघून स्वतःलाच शाबासकी दिली. फक्त सड्यावरच्या सपाट उघड्या चिऱ्यावर, जिथे शेवाळ आलेलं असतं, तिथे भरवसा ठेवू नका. उंच दात शेवाळात शिरू शकत नाहीत, त्यांना खाली शिरायला काहीच नसतं. तिथे जुना बुटक्या दातांचा टायर बरा होता.

दुसरा खाणीचा. हा चिखल ज्याने बघितला नाही त्याला सांगून समजायचं नाही. रंग तांबडा नाही, जांभळट, भिजलेल्या कुंकवासारखा, आणि वजनाला जड, कारण त्यात लोखंडच आहे. बोटांत घेतला तर कणसुद्धा लागत नाही इतका बारीक. मुठीत धरला तर बोटांच्या फटींतून निसटतो. ह्या वाटा मला पाठ आहेत, कुठल्या वळणावर टिपर कलायचा तेसुद्धा. आता डिचोलीत खनिजाचं काम पुन्हा सुरू झालं आहे, तेव्हा चालू खाणीच्या हद्दीत सायकल घालू नका, टिपरवाल्याला पावसात सायकल दिसत नाही. हे मी टिपरवाला म्हणून सांगतो. जुन्या, सोडून दिलेल्या वाहतुकीच्या वाटा मात्र गावाच्या कडेने आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलतो आहे. तिथे टायरने काम केलं, पण बाकीच्या सायकलचा जीव घेतला. सोनार दागिन्याला शेवटची झिलई देताना जी तांबडी पूड वापरतात, ती लोखंडाचं ऑक्साइडच असते. आपल्या खनिजातही मुख्य तेच. म्हणजे मी दर रविवारी साखळीला आणि ब्रेकला झिलई देत होतो. ब्रेकचे रेझिनचे पॅड, जे उन्हाळ्यात सहा महिने टिकले होते, ते खाणीच्या तीन फेऱ्यांत पत्र्यापर्यंत आले. मग धातूमिश्रित पॅड घ्यायला गेलो, ते चिखलात जास्त टिकतात. पण घरी येऊन बघतो तर माझ्या ब्रेकच्या डिस्कवरच बारीक अक्षरांत लिहिलेलं, फक्त रेझिन पॅड. डिस्क नरम असली की धातूचे पॅड तिलाच खातात. म्हणजे पॅडबरोबर डिस्कही बदला. 1,900 रुपये. तुमच्या डिस्कवर काय लिहिलं आहे ते आधी वाचा, मग दुकानात जा.

तिसरा खाजनाचा, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचा. नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला गेलं की खाजनाच्या बांधांवरून जाता येतं. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची, दारं. इथला चिखल राखाडी, गोंदासारखा. त्याला वास असतो, भरती-ओहोटीचा. ह्या चिखलाला जगातला कोणताही टायर पुरा पडत नाही असं माझं मत झालं आहे. विरळ दात, अरुंद टायर, सगळं करून चारशे मीटर जास्त गेलो, एवढंच. पुढे पुन्हा वीट. बांधावर मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका, एक दिवस उघडीप होऊ द्या. शिवाय ओल्या बांधावर चाकाची खोल रेघ उठली तर तिच्यातून पाणी वाट काढतं, आणि तो बांध कोणाच्या तरी शेताचा आहे.

त्याच फेरीत मी पडलो. चिखलात नव्हे, फेरीबोटीवर. बोटीचा उतरता फळा लोखंडी, पाऊस चालू, मी ऐटीत बसून चढायला गेलो. ओल्या लोखंडावर ह्या टायरचे दात म्हणजे खडावा घालून न्हाणीत गेल्यासारखं. उंच दात वाकतात आणि रबराचा थोडाच भाग टेकलेला असतो. कोपर सोललं, आणि बोटीवरच्या मासेवाल्या बायांनी त्यावर जे भाष्य केलं ते इथे लिहिता येत नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या जाळीवर, लाकडी साकवावर, सगळीकडे तेच. उतरा आणि चाला.

डांबरावर हे टायर घुर्र घुर्र वाजतात. डिचोली ते वाळपई जाताना मागून गाडी येतेय असं वाटून मी दोनदा बाजूला झालो, माझाच आवाज होता. जोर जास्त लागतो आणि दात झिजतात. माझ्या मागच्या टायरचे मधले दात चार महिन्यांत निम्म्यावर आले. पावसाळा संपला की काढून ठेवा, आठवड्याचं काम रस्त्यावर असेल तर घेऊच नका.

हवेचं सांगतो, त्याबद्दल फार लोक विचारतात. मी ट्यूब वापरतो. चिखलात हवा कमी ठेवावी म्हणतात म्हणून सुरुवातीला 20 पीएसआय ठेवली. पकड सुंदर. दुसऱ्याच रविवारी चिऱ्याच्या कोपऱ्यावर मागचं चाक आपटलं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. पावसात ट्यूब बदलणं, ओल्या हाताने पॅच न चिकटणं, हे सगळं झालं. आता पुढे 25, मागे 28. माझ्या वजनाला हे बरोबर बसतं. तुम्ही हलके असाल तर दोन-तीन कमी करून बघा. ट्यूबलेस केलं तर आणखी कमी चालेल, पण माझं रिम त्या जातीचं नाही आणि नवीन चाकांचा खर्च आता घरात मांडण्यासारखा नाही.

टायरशिवाय एक गोष्ट, जी फुकट आहे आणि टायरइतकीच कामाची. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर चिखलकाला होतो. खेळणारे आधी अंगाला तेल चोपडतात आणि मग चिखलात लोळतात. लहानपणी मामाबरोबर मीही गेलो आहे, घरी येऊन दोन तांब्यांत अंग स्वच्छ व्हायचं. यंदा माशेलहून परत येताना डोक्यात आलं, सायकललाही तेच. फ्रेमच्या खालच्या नळीला, पुढच्या काट्याच्या (फोर्कच्या) आतल्या बाजूला आणि त्या आठ मिलिमीटरच्या फटीत फडक्याने खोबरेल लावलं. चिखल बसतो, पण धरत नाही. तेल कुठे लावायचं नाही हे मात्र पहिल्याच दिवशी शिकलो. तेच फडकं डिस्कला लागलं. ब्रेक दाबला की डुकराला धरल्यासारखा आवाज, आणि सायकल थांबेना. नवे पॅड टाकून द्यावे लागले. ह्या एका पावसाळ्यात मी पॅडच्या चार जोड्या संपवल्या, त्यातली ही एक निव्वळ मूर्खपणाची.

दुसरा मूर्खपणा धुण्याचा. टिपर धुवायची सवय, म्हणून सायकल गाड्यांच्या सर्व्हिसिंगवर नेली आणि जेटने धुऊन घेतली. पाच मिनिटांत नव्यासारखी. आठ दिवसांनी पायडलच्या मधल्या भागातून कट कट सुरू झाली. जेटचं पाणी सील ओलांडून बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. चूक धुणाऱ्याची नाही, मीच सांगितलं होतं, जोरात मार. आता घरच्या विहिरीवर बादली, जुना दात घासायचा ब्रश आणि केरसुणी. धुऊन झालं की साखळी पुसून पावसाळ्याचं जाडसर तेल, दर फेरीनंतर. एकदा आळस केला तर सोमवारी सकाळी साखळीवर तांबडा गंज आलेला असतो. पुढच्या चाकावर काट्याला बांधायचं छोटं प्लॅस्टिकचं मडगार्ड ठेवा, डोळ्यांत चिखल जात नाही. पूर्ण लांबीचं मडगार्ड चिखलात लावू नका, विटेचा साचा होतो तो.

सत्तरीत ब्रह्माकरमळीच्या बाजूला कुळागरांच्या, म्हणजे पोफळीच्या बागांच्या, कडेने ज्या वाटा आहेत, तिथे हे टायर मला सगळ्यात जास्त आवडले. काळी, पानं कुजलेली माती, पोफळीची सावली, पाटाचं पाणी वाट ओलांडून जातं. चिखल तिथे मऊ पण प्रामाणिक, फसवत नाही. टायर त्यात शिरतो आणि रेघ सोडून सरळ जातो. थांबलं की जळवा लागतात म्हणून थांबायचं नाही, त्यामुळे माझा वेगही आपोआप वाढला. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, आणि कुळागरातून जाताना मालकाला हाक मारून जा. एका म्हाताऱ्या आज्जींनी मला चिखलाने माखलेला बघून आधी विचारलं की पडलास काय, आणि मग चहा दिला. त्यांच्या अंगणात माझ्या टायरची जी रांगोळी उमटली ती मी झाडून निघालो.

घरात मत असं आहे की 5,200 रुपयांत दोन बरे पंखे आले असते. ते बरोबरच आहे. पुढच्या पावसाळ्यात मागचा झिजलेला टायर फेकून पुढचा मागे घेणार आणि पुढे एक नवा आणणार, हाच रुंदीचा.

जुने 2.35 दुकानात माळ्यावर पडून आहेत. रबर चांगलं आहे, दात शाबूत. ऑक्टोबरनंतर सुक्या सड्यावर चालवणारा कोणी असेल तर घेऊन जावेत. पैसे नकोत, पण काट्यावर चिखल सांडल्याची भुसाऱ्याकडे माझ्या वतीने माफी मागावी. दुकान 1 ते 4 बंद असतं, त्या वेळेत शटर वाजवू नये.